अंतराळातली बावीसचाकी

यान स्थानकात शिरायच्या आधी ते शर्टाचं वरचं बटण लावायचे. समोर माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरचा जुनाट पडदा, हातात पोरांनी तेलकट केलेला माउस, आणि हा पंचावन्न वर्षांचा माणूस ताठ बसून कुठल्यातरी ताऱ्याभोवती फिरणाऱ्या स्थानकाच्या दारात हजर व्हायचा. हे काय म्हणून मी एकदा विचारलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "आत साहेब बसलेला असतो. गबाळं जाऊन चालत नाही."

मुलुंड पश्चिमेला माझं गेमिंगचं दुकान होतं. अकरा कॉम्प्युटर, दोन पंखे, आणि नेमका मे महिन्यात दगा देणारा एक एसी. तासाला तीस रुपये. गिऱ्हाईक म्हणजे कॉलेज बुडवणारी पोरं, त्यातली निम्मी गुजराती, आणि सगळी एकमेकांना शिव्या देत बंदुका चालवणारी. त्या कोलाहलात सात नंबरच्या खुर्चीवर हे एकटे गृहस्थ सकाळी दहा ते एक गहू, चहा आणि लोखंड वाहायचे. पोरं त्यांच्या पाठीमागे त्यांना 'नाकेवाले' म्हणायची, समोर काका.

नाकेवाले म्हणजे मुलुंडच्या जकात नाक्यावरचे. मुंबईत माल आणायचा तर हद्दीवर जकात भरावी लागायची, तेव्हा हे तिथे एजंट होते. ड्रायव्हरकडून कागद घ्यायचे, खिडकीवर जायचं, पैसे भरून पावती आणायची, गाडी तपासून घ्यायची आणि सोडवायची. एकतीस वर्षं हेच केलं. मग जीएसटी आला, जकात गेली आणि नाक्यावर कागद घेऊन पळणाऱ्या माणसांची गरजच उरली नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला आता कोण कामावर ठेवणार, या काळजीत ते माझ्याकडे बायोडेटाची प्रिंट काढायला आले होते.

प्रिंट निघेपर्यंत ते एका पोराच्या मागे उभे राहिले. पडद्यावर मालाची यादी उघडी होती. कुठला माल, किती टन, कुठून कुठे. यांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाकून बघितलं आणि म्हणाले, "ही बिल्टी आहे."

"काका, गेम आहे तो," पोरगा म्हणाला.

"गेम असेल. पण ही बिल्टीच आहे. माल गाडीत चढला की जो कागद बनतो ना, तो."

मला तेव्हा काम नव्हतं म्हणून मी समजावून सांगितलं. शेकडो स्थानकं आहेत, एकीकडे स्वस्त घ्यायचं, दुसरीकडे महाग विकायचं, पैसे साठले की मोठं यान घ्यायचं. लढाया करता येतात, चोरीचा माल नेता येतो, ज्याची त्याची मर्जी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"गाडी कोणाची?"

"तुमचीच."

"म्हणजे मालक मी?"

"हो."

ते खुर्ची ओढून बसले. बायोडेटाची प्रिंट दोन दिवस माझ्या काउंटरवर पडून होती. पुढे त्यांना एका हार्डवेअरच्या दुकानात दुपारी दोनपासून बिलं लिहायचं काम मिळालं, त्यामुळे सकाळ मोकळी राहिली आणि ती त्यांनी मला दिली.

यानांना गेममध्ये मोठी झोकदार इंग्रजी नावं होती. यांना ती कधी पाठ झाली नाहीत आणि करायचीही नव्हती. सुरुवातीचं चार टनांचं यान म्हणजे टेम्पो. त्यानंतरचं सहाचाकी, मग दहाचाकी. आणि सगळ्यात वरचं, सातशे टन माल एका वेळी नेणारं, जे विकत घेतलेलं माझ्या दुकानात दोनच पोरं होती, ते बावीसचाकी. पहिल्या आठवड्यातच त्यांनी त्याची किंमत बघून ठेवली. त्यांच्या टेम्पोच्या कमाईने ते घ्यायला किती वर्षं लागतील याचा हिशोब एका पोराने कॅल्क्युलेटरवर करून दाखवला आणि सगळे हसले. हे म्हणाले, "होईल." त्यांच्या तोंडी हा शब्द एवढा असायचा की पोरं त्यांच्या मागे तो त्यांच्याच आवाजात म्हणायची.

लढाईच्या वाटेला ते गेले नाहीत. एका लढाईत मी दहा फेऱ्यांचे पैसे कमावतो, हे मी त्यांना अनेकदा ऐकवलं. त्यावर ते मान हलवायचे आणि गहू भरायचे. चोरीच्या मालाचं तर नावच काढायचं नाही. रिकामं यान परत आणणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. "खाली गाडी आणायची म्हणजे डिझेल जाळून हवा आणायची," म्हणायचे. अंतराळात हवाही नसते हे मी सांगितलं, तर म्हणाले, "मग त्याहून वाईट." भाव सगळे डोक्यात. कुठल्या स्थानकावर चहा उतरला, कुठे तांबं चढलं, हे ते न बघता सांगायचे. आपल्या मोबाइलचा नंबर मात्र त्यांना कधी एका दमात सांगता आला नाही.

सहाचाकी घेतली त्या दिवशी ते पिशवीतून नारळ घेऊन आले. कॉम्प्युटरजवळ नारळ फोडायचा नाही, असं मी जरा चढ्या आवाजातच सांगितलं. तेव्हा ते बाहेर पायरीवर गेले, आणि पोरांना म्हणाले, सगळ्यांनी बाहेर या, मी म्हणेन ते ऐका आणि शेवटी 'होय म्हाराजा' म्हणा. घर भांडुपला असलं तरी माणूस मूळचा मालवणचा. गाऱ्हाण्याशिवाय गाडी रस्त्यावर काढणार नव्हता. हात जोडून, डोळे मिटून सुरू झाले, "बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकरान आज नवी गाडी घेतलेली आसा. तिका वाटेत खंय अडचण येव नये. माल सुखरूप पोचांदे. आणि जो कोण आडवो येयत, तेका बाजूक सारून गाडी धक्क्याक लाव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" पोरं ओरडली. त्यातला पटेलांचा मुलगा सगळ्यात जोरात. शेजारचा झेरॉक्सवाला बघायला बाहेर आला. काय झालं, त्याने विचारलं. गाडी घेतली, मी म्हणालो. तो रस्त्यावर इकडेतिकडे गाडी शोधत राहिला.

पण या माणसाची एक खोड होती आणि तिने त्याचं वाटोळं केलं.

गेममध्ये स्थानकाजवळ पोलीस असतात. ते जाता जाता तुमचा माल तपासतात. त्यासाठी काही करावं लागत नाही, आपण आपल्या वाटेने जायचं, तपासणी आपोआप होते. नाकेवाले थांबायचे. पोलिसाचं यान दिसलं की वेग शून्यावर आणायचे, माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवायचे आणि 'तपासणी पूर्ण' असं येईपर्यंत बसून राहायचे. मागून येणारी यानं त्यांना घासून जायची, खेळणारे इंग्रजीत शिव्या लिहायचे. पोरं म्हणायची, काका, चालत राहा ना, काय होत नाय. "चालू गाडीची तपासणी होते काय?" हे उलट विचारायचे.

आणि मग एके दिवशी चाचा आला. समुद्री चाच्यांसारखेच इथेही लुटारू असतात, आणि लुटायच्या आधी ते निरोप पाठवतात. त्या दिवशी पडद्यावर इंग्रजीत आलं, माल तपासायचा आहे, यान थांबवा. मी त्यांच्या मागेच उभा होतो. मला वाटलं आता पळतील. यांनी यान थांबवलं. एवढंच नाही, तर हळूहळू फिरवून मालाचं मागचं दार त्या चाच्याच्या तोंडासमोर आणलं, तपासायला सोपं जावं म्हणून.

"काका, पळा!" मी ओरडलो. तोपर्यंत सहाचाकीचे तुकडे झाले होते.

दुकानात असा हशा पिकला की माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. विम्याचे पैसे भरून यान परत मिळालं, माल गेला तो गेला. मग मला म्हणाले, "त्याने कागद मागितलाच नाही रे."

हे एकदा झालं असतं तर गंमत म्हणून सोडून देता आलं असतं. हे सहा वेळा झालं. दर वेळी ते मला सांगायचे, आता कळलं, आता नाही थांबत. दर वेळी निरोप आला की त्यांचा डावा हात आपसूक वेग कमी करायच्या कळीवर जायचा. मी एकदा वैतागून बोललो, "काका, तुम्हाला लुटायला बंदूक पण नको, नुसतं थांबा म्हटलं की झालं." बोललो आणि मला माझीच लाज वाटली. ते शांतपणे म्हणाले, "एकतीस वर्षं गाड्या थांबवूनच पोट भरलं. हात ऐकत नाही. पण ऐकेल. होईल."

अशी पावणेदोन वर्षं गेली. सहाचाकीची दहाचाकी झाली. पोरं पास होऊन गेली, नवी आली, त्यांनीही नाकेवाल्यांना हसलं पाहिजे असं जुन्यांनी शिकवून ठेवलं होतं. आणि माझं दुकान बसत चाललं. जो तो मोबाइलवर खेळायला लागला. दुपारी अकरापैकी तीन खुर्च्या भरल्या तरी मी खूश व्हायचो. शेवटी जागामालकाने भाडं वाढवायचं काढलं तेव्हा मी महिनाअखेरीला बंद करायचं ठरवलं. दुकान बंद करतोय हे मी घरी सांगितलं त्याहून यांना सांगणं मला जड गेलं. त्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, आणि दुसरीकडे जाऊन खेळतील असा त्यांचा स्वभाव नव्हता. बावीसचाकीला पैसे अजून बरेच कमी होते.

"किती दिवस आहेत?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

ते पुटपुटत बोटं मोजत राहिले. "एक फेरी पाऊण तासाची. सत्तर फेऱ्या लागतील. तू दुकान नऊला उघडशील काय?"

"उघडीन. पण तुमची नोकरी?"

"शेटला सांगतो, महिनाअखेरपर्यंत तीनला येईन. एवढ्या दिवसांत एक खाडा नाही माझा. ऐकेल तो." मग पडद्याकडे वळून म्हणाले, "होईल."

ते अकरा दिवस मी विसरणार नाही. मी पावणेनऊला पोचलो की ते पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसलेले असायचे. नऊ ते अडीच. डबा एका हाताने, यान दुसऱ्या हाताने. चहाला उठायचे नाहीत, मीच नेऊन द्यायचो. नेहमी जी स्थानकं ते धोक्याची म्हणून टाळायचे, तिथे जायला लागले, कारण तिथे भाव बरा मिळायचा. हसणारी पोरं तिसऱ्या दिवसापासून गप्प झाली. पाचव्या दिवशी पटेलांचा मुलगा, जो आता नोकरीला लागला होता, ऑफिसला जाताना डोकावून विचारून गेला, कितना बाकी है काका का?

आणि सहाव्या दिवशी मी मूर्खपणा केला.

त्या दिवशी चाच्याने त्यांना पुन्हा लुटलं होतं. पाच फेऱ्यांची कमाई गेली. ते बोटांवर फेऱ्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. माझं स्वतःचं त्या गेममध्ये खातं होतं आणि त्यात रग्गड माल पडून होता. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवरून मी माझं यान त्यांच्या यानाजवळ नेलं आणि सोन्याचे डबे त्यांच्यासमोर तरंगत सोडले. कुणीतरी टाकून दिलेला माल उचलायची गेममध्ये सोय असते. त्यांना वाटेल नशीब फळफळलं, एवढाच माझा विचार.

त्यांनी एक डबा उचलला. यादी उघडून बघितली. मग सावकाश खुर्ची फिरवली आणि सगळ्या दुकानात एकट्या माझ्याकडे बघितलं.

"ह्याची बिल्टी कुठाय?"

"म्हणजे?"

"मेल्या, सोना असा रस्त्यार पडता? कोणाचा हा?"

त्यांनी तो डबा परत अंतराळात फेकून दिला. बाकीच्यांकडे बघितलंही नाही. आपला तांब्याचा माल घेऊन पुढे गेले. दुकानातून जाताना तासांचे पैसे काउंटरवर नेहमीपेक्षा जरा जोरात ठेवले.

दुसऱ्या दिवशी स्वतःच माझ्याजवळ आले. म्हणाले, "तू चांगल्या मनाने केलंस, मला माहितीय. पण ऐक. नाक्यावर असताना मला बऱ्याच जणांनी मदत केली. मुलीच्या अ‍ॅडमिशनला, आईच्या ऑपरेशनला. त्या प्रत्येकाचं तोंड मला अजून दिसतं. चांगली माणसं होती, पण दिसतं. ही एक गाडी मला कोणाचं तोंड आठवल्याशिवाय घ्यायचीय." मी चहा सांगितला. त्याचे पैसे त्यांनी दिले.

शेवटच्या दिवशी एकच फेरी बाकी होती. दहाचाकी गळ्यापर्यंत भरलेली, तांबं आणि औषधं. दीड वाजला होता. ही फेरी लुटली गेली तर विमा भरून दुसरी करायला ना पैसे पुरणार होते ना वेळ. मी काउंटर सोडून त्यांच्या मागे उभा होतो, आणि दुकानात होती ती चार पोरंही आपापले गेम थांबवून आली होती.

अर्ध्या वाटेवर निरोप आला. माल तपासायचा आहे, यान थांबवा.

त्यांचा डावा हात निघाला. मी बघत होतो. तो हात कळीपर्यंत गेला, बोट कळीवर टेकलं. ओरडावंसं वाटूनही मी ओरडलो नाही, का ते मला आजही सांगता येत नाही. त्यांनी तो हात उचलला आणि आपल्याच मांडीखाली दाबून त्यावर बसले. तसेच, एका हाताने, ओठ घट्ट मिटून ते पळाले. चाच्याने मागून झोडपायला सुरुवात केली. पडदा लाल व्हायला लागला. एक पोरगा "होय म्हाराजा, होय म्हाराजा" असं हळूहळू म्हणत होता, आणि त्यात चेष्टा नव्हती.

स्थानक दिसलं. चाचा मागे फिरला. आणि तेवढ्यात समोरून पोलिसांचं यान आलं.

"काका, हे खरे पोलीस आहेत," मी म्हणालो.

"असू देत," ते म्हणाले. "आज कोणासाठीच नाही."

आणि पावणेदोन वर्षांत पहिल्यांदा ते पोलिसांच्या नाकासमोरून न थांबता आत गेले. काही झालं नाही. तपासणी आपोआप झाली. त्यांना एवढं नवल वाटलं की शर्टाचं बटण लावायचंच राहिलं.

माल विकला. बावीसचाकी घेतली. पोरांनी टेबलं बडवली, कुणीतरी माझ्या फ्रिजमधल्या थम्सअपच्या बाटल्या न विचारता उघडल्या. हे मात्र भावांची यादी बघत होते. यान घेऊन उरलेल्या पैशांत सातशे टनांच्या गाडीत अकरा टन गहू आला. तेवढा भरला, शेजारच्या स्थानकावर नेला, चार पैसे सुटले. मग यान धक्क्याला लावून त्यांनी माउस बाजूला ठेवला. अडीच वाजले होते.

"अजून एक होईल काका," एक पोरगा म्हणाला. "शेटला फोन करा ना, उशीर होतो म्हणून."

"नको." ते माझ्याकडे वळले. मालवणीत बोलायला लागले म्हणजे काहीतरी आतलं आहे हे मला एव्हाना कळायचं. "नाक्यावरची माझी शेवटची गाडी खंयची, माका म्हायत नाय रे. जकात जातली, जातली म्हणून किती वेळा सांगल्यानी आणि पुढे ढकलल्यानी. माका वाटला, ह्या टायमाकय ढकलतले. मी आपलो चार वाजता घराक गेलो. दुसऱ्या दिवशी नाकोच नाय. एकतीस वर्षां केलंय, आणि शेवटची गाडी कोणाची, तेच्यात काय होता, ड्रायव्हर कोण, काय एक आठवणा नाय." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "ही आठवतली. गहू, अकरा टन."

साडेपाच तासांचे पैसे त्यांनी काउंटरवर ठेवले, डबा पिशवीत घातला, माझा हात हातात घेऊन एकदा दाबला आणि हार्डवेअरच्या दुकानाकडे चालू लागले. मी दाराशी उभा राहून बघत होतो. चार पोरं आत जाऊन पुन्हा आपापल्या खुर्च्यांवर बसत होती, संध्याकाळची अजून सातआठ तरी येणार होती, आणि रात्री नऊपर्यंत दुकान उघडं ठेवायचं मी सगळ्यांना कबूल केलं होतं.

मी आत गेलो, पोरांना त्यांचे पैसे परत दिले आणि बाहेर जायला सांगितलं. ती भांडली. मी पावणेतीनला शटर खाली ओढलं.